अमेरिकेच्या निवडणूक बातम्यांतला कल: तक्रार कुठे खरी आहे आणि तो घरबसल्या कसा तपासायचा

पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, तो म्हणतो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ वाचा. व्याही तिथेच राहतात, त्यांच्या घरी दिवसभर ‘फॉक्स न्यूज’ चालू. दोघांचं ऐकलं की ते एकाच देशाबद्दल बोलतायत असं वाटत नाही. मग तिथली माध्यमं खरंच डावीकडे झुकलेली आहेत, की ही हरणाऱ्यांची रड आहे? ३ नोव्हेंबर २०२६ ला मध्यावधी निवडणूक आहे (म्हणजे अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यात होणारी, काँग्रेस या तिथल्या संसदेची ठरलेली निवडणूक), तोवर हे आपलं आपल्याला तपासता येईल का?

तपासता येतं, आणि त्यासाठी कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही. पण आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हिशेब करता येईल. मी उजव्या विचारांचा आहे. सरकार लहान असावं, राज्यांचे अधिकार राज्यांकडे राहावेत, कर कमी असावेत, या मतांचा. अमेरिकेतल्या मोठ्या माध्यमांचा कल डावीकडे आहे ही तक्रार मला खरी वाटते, आणि ती खरी असल्यामुळेच ती नीट, पुराव्यानं मांडली जावी असं मला मनापासून वाटतं. आमच्या बाजूचे बरेच लोक ती इतकी ढिसाळ मांडतात की ऐकणारा खऱ्या भागावरही विश्वास ठेवत नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. माध्यमं खोटं छापतात का, हा एक. खरं तेवढंच छापूनही ती वाचकाला एका बाजूला नेतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं ‘हो, बऱ्याचदा’. कल असतो तो काय निवडलं, कधी छापलं, कोणतं क्रियापद वापरलं आणि कोणता प्रश्न विचारलाच नाही, यात. म्हणून नुसता खोटेपणा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच कबूल करायला हवं. तुम्ही कोणतं माध्यम घेता आणि त्याचं कोणतं पान, यावर बरंच ठरतं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चं संपादकीय पान ठाम उजवं आहे, पण त्याची बातमीची पानं वेगळी माणसं चालवतात. फॉक्सवर संध्याकाळी ब्रेट बेअर यांचा बातम्यांचा तास आणि रात्रीचे मतप्रदर्शनाचे कार्यक्रम, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. विषयावरही ठरतं. गर्भपात, स्थलांतर, बंदुका या विषयांवर कल जास्त दिसतो, शेतीच्या अनुदानावर जवळजवळ नाही. गावातलं स्थानिक वर्तमानपत्र आणि वॉशिंग्टनमधलं मुख्यालय यांतही फरक असतो.

हा कल येतो कुठून? कट वगैरे काही शोधायची गरज नाही. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयानं २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत स्वतःला रिपब्लिकन (उजवीकडचा पक्ष) म्हणवणारे पत्रकार ३.४ टक्के निघाले, डेमोक्रॅट (डावीकडचा) ३६ टक्के, उरलेल्यांतले बहुतेक स्वतंत्र. याच मालिकेतल्या १९७१ च्या पाहणीत रिपब्लिकन जवळपास २६ टक्के होते. ‘एनपीआर’ या सार्वजनिक रेडिओचे ज्येष्ठ संपादक उरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४ मध्ये लिहिलं की मतदार नोंदणी तपासली तेव्हा वॉशिंग्टनच्या संपादकीय विभागात ८७ डेमोक्रॅट सापडले आणि रिपब्लिकन एकही नाही. त्यांना निलंबित केलं गेलं आणि काही दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. आता, वॉशिंग्टन शहरच असं आहे की तिथं २०२४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांना ९० टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. त्यामुळे तिथल्या कचेरीत रिपब्लिकन कमी असणार हे ओघानं आलं. पण ज्या टेबलाभोवती सगळे एकाच मताचे बसतात, तिथं ‘अहो, याला दुसरी बाजू आहे’ असं म्हणायला कुणी उरत नाही. कुणाचीही नियत वाईट नसताना बातमी झुकते ती अशी.

वाचकांवर त्याचा परिणाम मोजलेला आहे. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास असलेले अमेरिकन १९७६ मध्ये ७२ टक्के होते, २०२५ मध्ये २८ टक्के राहिले. त्यात डेमोक्रॅट ५१ टक्के आणि रिपब्लिकन ८ टक्के.

शब्दांचं काम

सर्वांत आधी शब्द पाहायला शिका, कारण मराठीत वाचणाऱ्याला तो कल दुप्पट होऊन मिळतो. आपल्या वर्तमानपत्रांत अमेरिकेच्या बातम्या बहुतांशी वृत्तसंस्थांकडून येतात आणि इथं त्यांचा अनुवाद होतो. ‘असोसिएटेड प्रेस’, म्हणजे एपी, या संस्थेची एक शैलीपुस्तिका आहे, तिचे नियम अमेरिकेतली असंख्य वर्तमानपत्रं पाळतात. एप्रिल २०१३ मध्ये तिनं ‘बेकायदा स्थलांतरित’ हा शब्दप्रयोग काढून टाकला: कृती बेकायदा असू शकते, माणूस नाही, असं कारण दिलं. कारण पटो न पटो, एका पुस्तिकेतला एक निर्णय आणि सगळ्या वर्तमानपत्रांतला वाद एका बाजूच्या भाषेत व्हायला लागतो. गर्भपाताबद्दल तीच पुस्तिका एका बाजूला ‘गर्भपातविरोधी’ म्हणायला सांगते आणि दुसऱ्या बाजूला ‘गर्भपात-हक्क’वाले. एका गटाच्या नावात ‘विरोध’ आला, दुसऱ्याच्या नावात ‘हक्क’. पहिला गट स्वतःला जीवनाच्या बाजूचा म्हणवतो, ते नाव बातमीत येत नाही. दुसऱ्याचंही स्वतःचं नाव पुस्तिका घेत नाही हे खरं, पण ‘हक्क’ हा शब्द मिळाल्यावर त्याचं फारसं बिघडत नाही.

मग ते मराठीत येतं. लिबरल म्हणजे ‘उदारमतवादी’ आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे ‘पुराणमतवादी’. एकाच्या नावात औदार्य, दुसऱ्याच्या नावात जुनाट वास. अनुवादकाच्या मनात काही नसतं, शब्दकोशात तेच दिलेलं असतं. पण बातमीचं पहिलं वाक्य वाचून होण्याआधीच वाचकाच्या मनात निकाल लागलेला असतो. मी स्वतः ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ किंवा ‘उजवे’ असंच लिहितो. जाता जाता: नकाशावर रिपब्लिकन राज्यं लाल दाखवतात, ही वाटणी २००० च्या निवडणुकीपासून पक्की झाली. लाल म्हणजे कम्युनिस्ट हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की नवा वाचक इथं हमखास गोंधळतो.

क्रियापदं तर जास्तच बोलतात. एक नेता ‘म्हणतो’, दुसरा ‘दावा करतो’. एकानं ‘स्पष्टीकरण दिलं’, दुसऱ्यानं ‘सारवासारव केली’. एकाची चूक ही बातमी असते, आणि दुसऱ्याची चूक झाली की ‘विरोधकांनी संधी साधली’ ही बातमी होते. यावर माझा साधा उपाय आहे: पक्षाची पाटी बदलून पाहायची. मथळ्यातलं डेमोक्रॅटचं नाव काढून रिपब्लिकनचं घाला आणि तोच मथळा त्याच वर्तमानपत्रात आला असता का, हे स्वतःला विचारा. दहापैकी सहा-सात वेळा उत्तर ‘आला असता’ असंच येईल. उरलेल्या तीन-चारांत तुमचं उत्तर आहे.

काय छापलं नाही

सर्वांत परिणामकारक कल न छापण्याचा असतो, आणि तोच पकडायला सर्वांत कठीण. दोन प्रकरणं नीट पाहू.

१४ ऑक्टोबर २०२० ला, मतदानाला तीन आठवडे उरले असताना, ‘न्यूयॉर्क पोस्ट’नं जो बायडेन यांचे चिरंजीव हंटर यांच्या लॅपटॉपमधले ईमेल छापले. ट्विटरनं त्या बातमीची लिंक पाठवणंच बंद केलं आणि ‘पोस्ट’चं खातं सुमारे दोन आठवडे कुलूपबंद ठेवलं. फेसबुकनं बातमीचा प्रसार कमी केला. १९ ऑक्टोबरला गुप्तचर खात्यांतल्या ५१ माजी अधिकाऱ्यांचं पत्र आलं: यात रशियन कारवाईची सगळी ठरलेली लक्षणं दिसतात. त्याच पत्रात, आपल्याकडे रशियाच्या सहभागाचा पुरावा नाही, असंही लिहिलं होतं. मथळ्यांत पहिलं वाक्य गेलं, दुसरं बहुतेक ठिकाणी खाली राहिलं किंवा गळालं. मार्च २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दोघांनी त्यातले बरेच ईमेल खरे असल्याचं छापलं. तोवर निवडणूक होऊन सव्वा वर्षाहून जास्त काळ लोटला होता. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी लिंक अडवणं चूक होतं हे लगेच मान्य केलं होतं; मार्क झुकरबर्ग यांनी तसंच ऑगस्ट २०२४ मध्ये लिहून दिलं.

यातून काय घ्यायचं? त्या ईमेलमुळे निकाल बदलला असता असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण शंका असलेली बातमी ‘शंका आहे’ असं सांगून छापता येते. ती दाबली, आणि दाबण्याचं कारण म्हणून पुरावा नसलेलं पत्र पुढे केलं. याउलट जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्धचं, पडताळणी न झालेलं, माजी ब्रिटिश गुप्तचर ख्रिस्तोफर स्टील यांचं टिपण पूर्णच्या पूर्ण छापलं गेलं, आणि त्यावर महिनोन् महिने चर्चा चालली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला आपल्या जुन्या बातम्यांतले त्या टिपणासंबंधीचे भाग दुरुस्त करावे लागले, काही काढावे लागले. दोन्हींत पडताळणी अपुरी होती, पण कसोटी दोन प्रकारची लावली. कलाचा पुरावा हवा असेल तर अशा जोड्या शोधा. एकटी घटना काहीच सिद्ध करत नाही.

दुसरं प्रकरण बायडेन यांच्या वयाचं. इथं दोन्ही बाजूंचं शिकण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये एपीच्याच पाहणीत ७७ टक्के अमेरिकनांनी सांगितलं की दुसऱ्या कार्यकाळासाठी त्यांचं वय फार झालंय. डेमोक्रॅटांतही हे प्रमाण ६९ टक्के होतं. म्हणजे मतदारांना दिसत होतं. ८ फेब्रुवारी २०२४ ला बायडेन यांच्याकडे सापडलेल्या गोपनीय कागदपत्रांचा तपास करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात बायडेन यांच्या कमकुवत स्मरणशक्तीचा उल्लेख आला, तर चर्चा हर यांच्या हेतूची झाली. जूनच्या सुरुवातीला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं बंद दाराआड बायडेन मंदावल्याची सविस्तर बातमी दिली, तेव्हा इतर माध्यमांतून टीका झाली ती त्या बातमीवरच.

आता दुसरी बाजू. १३ जून २०२४ ला इटलीत जी-७ च्या नेत्यांसमोर छत्रीधारी सैनिक उतरले. रिपब्लिकन पक्षानं पसरवलेल्या चित्रफितीत बायडेन भरकटल्यासारखे बाजूला चालत गेलेले दिसतात, ‘न्यूयॉर्क पोस्ट’नं ते पहिल्या पानावर घेतलं. चौकट रुंद असलेल्या चित्रफितीत दिसतं की त्या बाजूला एक सैनिक नुकताच उतरला होता आणि बायडेन त्याला अंगठा दाखवत होते. कापलेल्या चौकटीनं फसवणूक केली, हे आमच्या बाजूनं स्वच्छ मान्य करायला हवं. पण व्हाइट हाउसनं या एका कापलेल्या फितीचा आधार घेऊन वयाबद्दलचा सगळाच प्रश्न खोट्या चित्रफितींचा आहे असं ठरवलं, आणि बऱ्याच माध्यमांनी ते तसंच पुढे चालवलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २७ जूनला, अटलांटाच्या वादविवादात देशानं न कापलेली ९० मिनिटं पाहिली. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. एक खोटी फीत उघडी पाडणं हे पत्रकाराचं काम आहेच. पण तिच्या मागचा खरा प्रश्न विचारणं हेही त्याचंच काम होतं, आणि ते राहिलं.

वादविवाद आणि मुलाखती

१० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियातल्या वादविवादात एबीसी वाहिनीच्या सूत्रसंचालकांनी ट्रम्प यांना अनेकदा मध्येच दुरुस्त केलं, हॅरिस यांना तसं एकदाही नाही. आमच्या बाजूनं हा पक्का पुरावा म्हणून सांगितला जातो. मी तो अर्धाच धरतो. कारण नुसती दुरुस्त्यांची संख्या मोजून चालत नाही, चुकांची संख्याही मोजावी लागते, आणि त्या रात्री ट्रम्प यांनी ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात स्थलांतरित लोक इतरांचे पाळीव प्राणी खातात असा दावा केला होता, तो त्या गावाच्या प्रशासनानंच फेटाळला होता. तक्रार टिकते ती इथं: हॅरिस यांच्या चुका शून्य नव्हत्या, दुरुस्त्या मात्र शून्य. जूनमधल्या वादविवादात सीएनएननं कुणालाच मध्ये दुरुस्त केलं नव्हतं. तो नियम दोघांना सारखा होता म्हणून त्यावर फारसं भांडण झालं नाही.

सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाचं प्रकरणही असंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॅरिस यांना इस्रायलबद्दल विचारलेल्या एकाच प्रश्नाचं उत्तर आदल्या दिवशीच्या झलकेत एक दिसलं, मुख्य कार्यक्रमात दुसरं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण प्रतिलेख बाहेर आला, तेव्हा दिसलं की दोन्ही तुकडे एकाच लांबलचक उत्तराचे होते. मुलाखत कापणं नेहमीचंच आहे. पण शंका निघाली त्याच आठवड्यात प्रतिलेख दिला असता तर विषय तिथंच मिटला असता. तो अडवून ठेवला, ट्रम्प यांनी खटला भरला, आणि जुलै २०२५ मध्ये मालक कंपनीनं १.६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. उमेदवारांच्या मुलाखतींचे पूर्ण प्रतिलेख यापुढे द्यायचं कबूल झालं. माझ्या मते पैशांपेक्षा ही अट मोलाची.

जिथे आमची बाजू चुकते

हा भाग गाळून उत्तर देणं अप्रामाणिकपणाचं होईल. जनमत चाचण्या चुकल्या म्हणजे माध्यमांनी मुद्दाम फिरवल्या, हा आमच्याकडचा सर्वांत लाडका आणि सर्वांत कच्चा युक्तिवाद. २०१६ मध्ये राज्यांच्या बऱ्याच चाचण्यांत पदवीधर प्रमाणाबाहेर आले होते, आणि शिक्षणानुसार भार दिला नव्हता (म्हणजे जास्त आलेल्या गटाचं वजन कमी करून आकडा सावरला नव्हता). पदवीधर डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले, म्हणून आकडा फुगला. २०२० मध्ये चूक त्याहून मोठी, गेल्या ४० वर्षांतली सर्वांत मोठी होती. २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर आयोवातल्या एका नावाजलेल्या चाचणीत हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे होत्या, ट्रम्प तिथं १३ टक्क्यांनी जिंकले. पण २०१२ आठवा: चाचण्यांत डेमोक्रॅट जास्त घेतलेत, ‘सरळ’ केल्या तर आमचे उमेदवार रॉम्नी पुढे आहेत, असं आमच्याच लोकांनी सांगितलं, आणि ओबामा ३३२ विरुद्ध २०६ निर्वाचक मतांनी निवडून आले. २०२२ मध्ये लाल लाट येणार म्हणालो, प्रतिनिधिगृहात (काँग्रेसच्या खालच्या सभागृहात) २२२ विरुद्ध २१३ एवढंच हाती लागलं. तुमच्या मुलाच्या न्यू जर्सीतही तेच: २०२० मध्ये १६ टक्क्यांनी डेमोक्रॅट असलेलं राज्य २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आलं, पसेइक काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ट्रम्प यांच्याकडे गेली, आणि वर्षभरातच गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार १३ टक्क्यांहून जास्त फरकानं जिंकल्या.

चाचणी वाचताना एक हिशेब पाठ ठेवा. हजार लोकांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला साधारण ३ टक्के वर-खाली चूक धरतात. पण दोघांमधल्या फरकाला ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे ६ च्या आसपास. त्यामुळे ‘२ टक्क्यांची आघाडी’ हा मथळा कोणत्याही पक्षाच्या बाजूनं असो, त्यात बातमी नाही.

रात्री मोजणीत आकडे पालटतात, यावरून आमच्या बाजूनं सर्वांत जास्त नुकसान करून घेतलं. पेनसिल्व्हेनियात कायद्यानंच टपाली मतपत्रिकांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडता येत नाहीत. २०२० मध्ये टपाली मतं बहुतांशी डेमोक्रॅटांची होती आणि ती नंतर मोजली गेली. म्हणून आधी ट्रम्प पुढे, मग बायडेन. फ्लोरिडात हे काम आधीच सुरू करता येतं, म्हणून तिथं निकाल त्याच रात्री लागतो. पेनसिल्व्हेनियाचा कायदा बदला, ही रास्त कॉन्झर्व्हेटिव्ह मागणी आहे. मतं चोरली, हे सिद्ध झालं नाही. जॉर्जियात जवळपास ५० लाख मतं हातानं मोजली, बायडेन जिंकलेच. अॅरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत रिपब्लिकनांनीच नेमलेल्या तपासणीत बायडेन यांची ९९ मतं वाढली आणि ट्रम्प यांची २६१ कमी झाली. मतदान यंत्रांबद्दलच्या खोट्या दाव्यांपायी फॉक्सनं एप्रिल २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीला ७८.७५ कोटी डॉलर दिले, आणि खटल्याच्या कागदपत्रांतल्या संदेशांत दिसलं की चॅनलच्या आतल्या बऱ्याच जणांचा त्या दाव्यांवर विश्वासच नव्हता. तुमच्या व्याह्यांना हे शांतपणे सांगा. त्याच फॉक्सच्या निकाल कक्षानं ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री ११.२० ला अॅरिझोना बायडेन यांना दिलं, इतरांच्या कितीतरी आधी. ते शेवटी १०,४५७ मतांनी खरं ठरलं, पण प्रेक्षक संतापून दुसऱ्या चॅनलांकडे वळले. प्रेक्षकाचाही कल असतो, आणि चॅनल त्याच्यापुढे वाकतं.

याउलट २००० मधली फ्लोरिडाची तक्रार पूर्ण खरी होती. राज्याचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा मध्य प्रमाणवेळेत येतो, तिथं मतदान चालू असतानाच वाहिन्यांनी राज्य डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना देऊन टाकलं. तो पट्टा रिपब्लिकन. मग निर्णय मागे घेतला, पहाटे रिपब्लिकन बुश यांना दिला, तोही मागे घेतला, आणि शेवटचा फरक निघाला ५३७ मतांचा.

तपासायचं कसं

एक वही घ्या. आठवड्यातून एक घटना निवडा: एखादं भाषण, न्यायालयाचा निकाल, काँग्रेसमधलं मतदान. आधी मूळ कागद पाहा, बातमी नंतर. भाषण असेल तर ‘सी-स्पॅन’ या सरकारी कामकाज दाखवणाऱ्या वाहिनीवर अखंड चित्रफीत मिळते. काँग्रेसमधलं मतदान प्रतिनिधिगृहाच्या आणि सिनेटच्या संकेतस्थळांवर नावानिशी असतं. निवडणूक निधीचे आकडे संघीय निवडणूक आयोगाकडे, आणि मतमोजणीचे आकडे बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत, काही राज्यांत निवडणूक मंडळाकडे.

मग त्याच घटनेच्या चार बातम्या वाचा: एपी, न्यूयॉर्क टाइम्स, फॉक्सचं संकेतस्थळ आणि ज्या राज्यात ती घडली तिथलं स्थानिक वर्तमानपत्र. प्रत्येकीसाठी वहीत पाच गोष्टी लिहा. ही बातमी आहे की मत. मथळ्यातलं क्रियापद. दुसऱ्या बाजूचं म्हणणं कितव्या परिच्छेदात आलं. नाव घेऊन बोलणारे किती आणि निनावी किती. मूळ कागदात होतं पण बातमीत नाही असं काय. दोन दिवसांनी पुन्हा उघडा, मथळा बदलला का, दुरुस्ती आली का, ते नोंदवा. मथळे दिवसभरात बदलतात, म्हणून पहिल्या दिवशी तारीख-वेळेसह छायाचित्र काढून ठेवा.

तिसरा रकाना सर्वांत बोलका. दुसऱ्या बाजूचं उत्तर एकीकडे सातत्यानं तिसऱ्या परिच्छेदात आणि दुसरीकडे चौदाव्यात येत असेल, तर वाचणारे बहुतेक तिथपर्यंत पोचतच नाहीत.

हे करून पाहायला मार्च २०२४ मधलं ओहायोचं भाषण चांगलं आहे. ट्रम्प मोटारींवरच्या आयातकराबद्दल बोलत होते, आणि आपण निवडून आलो नाही तर ‘रक्तपात’ होईल असं म्हणाले. मथळ्यांत तेवढा शब्द गेला, मोटारी गळाल्या. आमच्या बाजूनं म्हटलं की फक्त मोटार उद्योगाबद्दल होतं. अखंड फीत पाहिली तर दोन्ही अपुरं ठरतं: विषय मोटारींचाच होता, पण ते वाक्य त्यांनी पुढे देशापर्यंत नेलं. तुम्ही स्वतः पाहा आणि तुमचा मथळा लिहा.

वीस नोंदी होईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नका. इथंच बहुतेकांचं चुकतं: व्हॉट्सअॅपवर आलेल्या संतापजनक नमुन्यांवरून हिशेब मांडतात. ते नमुने कुणीतरी संतापासाठीच निवडलेले असतात.

३ नोव्हेंबरच्या रात्रीसाठी वेळा लिहून घ्या. तोवर तिथली घड्याळं तासभर मागे गेलेली असतील, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर आणि पुण्यात साडेदहा तासांचा फरक. तिथले संध्याकाळचे ८ म्हणजे तुमचे ४ तारखेचे सकाळचे साडेसहा, आणि कॅलिफोर्नियाचं मतदान संपेल ते तुमच्याकडे साडेनऊला. पडद्यावर ‘९५ टक्के मोजणी’ दिसली तर तो अंदाज समजा, कारण टपालानं अजून किती मतपत्रिका यायच्या आहेत हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेली मतपत्रिका सात दिवसांनी पोचली तरी धरली जाते. प्रतिनिधिगृह कोणाकडे गेलं हे एपीनं २०२२ मध्ये १६ नोव्हेंबरला जाहीर केलं, मतदानानंतर आठ दिवसांनी. तेव्हा ४ तारखेला सकाळी मुलाचा आणि व्याह्यांचा, दोघांचेही फोन आले, तर दोघांनाही एकच विचारा: कोणत्या काउंटीतली, कोणत्या प्रकारची मतं मोजायची राहिली आहेत?